हाड कमी आहे म्हणून बोन ग्राफ्ट सांगितलंय, ते खरंच वाढतं का?

खालची दाढ काढून पाच वर्षं झाली, आता इम्प्लांटच्या (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या दाताच्या) आधी डॉक्टर बोन ग्राफ्ट, म्हणजे कमी पडलेल्या हाडाच्या जागी दाणे भरणं, सांगतायत, ते हाड वाढतं की नुसता खर्च वाढतो, असं तुम्ही विचारलंय. मी गोव्यातल्या फोंड्याची, माझंही हेच झालं. दाढ मागची, हसताना दिसत नव्हती, म्हणून ती काढल्यावर जागा सहा वर्षं तशीच रिकामी ठेवली.

चावताना मुळावर दाब येतो, त्यावरच तिथलं हाड टिकतं. दात गेला की ते झिजतं. पहिल्या वर्षातच रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत. दाढ काढताना हे मला कुणीच सांगितलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याच्या थ्री-डी एक्स-रेमध्ये) माझं हाड जेमतेम 4 मिलिमीटर रुंद निघालं. इम्प्लांटचा स्क्रूच 4 मिलिमीटरचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना किमान एकेक मिलिमीटर हाड हवंच.

हाड वाढतं, पण भरलेलं नव्हे, तुमचं स्वतःचं. स्टीलच्या वाटीत माझ्याच रक्तात कालवलेले ग्राफ्टचे पांढरे दाणे ओल्या रव्यासारखे दिसत होते. दोडक्याच्या वेलाला मांडव घालतो ना, तेवढंच त्यांचं काम. त्यांच्यामधून आधी रक्तवाहिन्या शिरतात, मग नवं हाड धरतं. हिरडी हाडापेक्षा भराभर वाढते, ती आत घुसू नये म्हणून वर पातळ पडदा घालतात. माझा ग्राफ्ट शिगम्याच्या सुमारास झाला, इम्प्लांट चवथ उलटल्यावर, म्हणजे साधारण सहा महिन्यांनी. पहिले काही दिवस नुसती उकड्या तांदळाची पेज, तीही कोमट.

दाणे कशाचे, हे नक्की विचारा. बऱ्याचदा ते गाईच्या हाडापासून केलेले असतात. घरात ते चालणार नसेल तर कृत्रिम दाणे मिळतात, किंवा स्वतःच्याच जबड्याचं हाड घेता येतं. तंबाखू असेल तर आधी सोडा, रक्तातली साखर आटोक्यात आणा. हाडं ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते लपवू नका, त्याने जबडा भरून यायला खरोखर अडचण होते.

ग्राफ्ट प्रत्येकाला लागतोच असं नाही. स्कॅन समोर उघडून रुंदी मोजून दाखवायला सांगा. मन मानत नसेल तर तोच स्कॅन घेऊन बांबोळीच्या डेंटल कॉलेजात दाखवा.

गेल्या वर्षी आईची दाढ काढायची होती, तेव्हा मी आधीच विचारलं आणि दाढेची खाच त्याच दिवशी दाण्यांनी भरून घेतली.