म्युझियममध्ये राहून चित्रांचं कन्झर्वेशन शिकायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

जुन्या पेंटिंगची देखभाल आणि दुरुस्ती शिकायला परदेशातल्या म्युझियमच्या फेलोशिप मिळतात, त्याबद्दल बरेच प्रश्न आलेत. सारखे सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: मी कोल्हापूरचा, पेंटिंगचा डिप्लोमा झालाय, ऑइलमध्ये पोर्ट्रेट चांगलं जमतं. हार्वर्डच्या म्युझियममध्ये पेंटिंग कन्झर्वेशनची फेलोशिप असते म्हणे, मी डायरेक्ट अप्लाय करू शकतो का मॅडम?

डायरेक्ट नाही रे. हार्वर्डचं स्ट्रॉस सेंटर घे नाहीतर न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम घे, तिथल्या कन्झर्वेशनच्या फेलोशिप मुख्यतः ज्यांचं या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण किंवा त्या तोडीचं ट्रेनिंग झालंय त्यांच्यासाठी असतात. एमबीबीएस झाल्यावर डॉक्टर रेसिडेन्सीला जातात ना, तसंच समज. या फेलोशिपला ट्रेनिंग म्हणतात म्हणून ते पहिलं पाऊल वाटतं, पण ते शेवटचं आहे, आणि हे सगळ्यांनाच आधी सांगायचंय कारण यावर बाकीची सगळी आखणी अवलंबून आहे.

मग क्रम कसा, तर आधी भारतात एखाद्या लॅबमध्ये हात बसवायचा, मग दोन ते चार वर्षांचा कोर्स आणि मग फेलोशिप. कोर्स म्हणजे लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटला ईझल पेंटिंगच्या, म्हणजे कॅनव्हास किंवा लाकडी फळीवरच्या हलवता येणाऱ्या चित्रांच्या, कन्झर्वेशनचा तीन वर्षांचा एमए आहे, केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमचं हॅमिल्टन कर इन्स्टिट्यूट आहे, अमेरिकेत डेलावेअर युनिव्हर्सिटी आणि विंटरथर म्युझियमचा मिळून चालणारा प्रोग्रॅम आहे, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचा आहे. या कोर्समध्ये एका बॅचला जेमतेम मूठभर मुलं घेतात.

अजून एक, तुझा पोर्ट्रेटचा हात ही जमेची बाजू आहेच पण तोच हात आवरायला शिकावं लागेल. रंग जिथे उडालाय तेवढ्याच जागेत रीटच करायचं, मूळ रंगावर एक मिलिमीटरसुद्धा चढायचं नाही, आणि उद्या दुसऱ्या कुणाला तुझं रीटचिंग काढायचं असलं तर मूळ रंगाला धक्का न लागता ते निघालं पाहिजे, म्हणून त्याचे रंगसुद्धा वेगळे, मुद्दाम विरघळतील असे असतात. इथे तुझी स्टाइल कुणालाच दिसता कामा नये. हे मनापासून आवडणार असेल तरच या वाटेला ये.

प्रश्न: मी पुण्याची, बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चित्रकला शाळेतली एलिमेंटरी-इंटरमिजिएट एवढीच. मला संधी आहे का?

आहे, आणि चांगली आहे! अमेरिकेतले कोर्स तर जनरल आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्री, कलेचा इतिहास आणि स्टुडिओतलं काम हे तिन्ही मागतात, त्यातला जो विषय बहुतेकांना जड जातो तो तुझा झालाय.

केमिस्ट्री का लागते ते सांगते. जुन्या ऑइल पेंटिंगवर डामर किंवा मॅस्टिक अशा झाडाच्या राळेचं व्हर्निश असतं. ते हवेतल्या ऑक्सिजनने आणि उजेडाने वर्षानुवर्षं बदलत जातं, पिवळं पडतं आणि जास्त पोलर होतं, म्हणजे लावताना जे टर्पेंटाइनसारख्या सॉल्व्हंटमध्ये सहज विरघळत होतं ते काढायला आता अल्कोहोल किंवा अॅसिटोनसारखं जोरदार काहीतरी लागतं, आणि खाली जो तेलाचा रंग आहे तोही नेमका याच सॉल्व्हंटनी फुगतो. म्हणजे व्हर्निश निघावं आणि रंग मात्र हलू नये एवढ्या अरुंद फटीतून जायचं असतं. ती फट शोधायची म्हणजे केमिस्ट्रीच. आजकाल सॉल्व्हंट जेलमध्ये धरून लावतात, का तर ते आत मुरू नये, पृष्ठभागावरच काम करावं.

चित्रकला मात्र आजपासून सुरू कर. स्वतःच्या कल्पनेतली चित्रं नकोत, कॉपी कर. लाकडी फळीवर खडू आणि सरसाचा थर दे, अंड्याच्या बलकात रंग कालवून एखाद्या जुन्या चित्राचा तुकडा उतरव, सगळ्या टप्प्यांचे फोटो ठेव. त्यातून तुझी रंग जुळवण्याची नजर आणि धीर दोन्ही दिसतं. आणि डोळ्यांची कलर व्हिजनची टेस्ट करून घे, इथे ती खरंच महत्त्वाची आहे.

प्रश्न: नमस्कार, मुलीला हे करायचंय पण आमची दोघांची सरकारी नोकरी, लंडनचा खर्च ऐकून धडकी भरते. कर्ज काढावं का? (एक आई, नाशिक)

ताई, पूर्ण कोर्सचं कर्ज काढू नका असं माझं स्पष्ट मत आहे. या क्षेत्रात शिकून आल्यावर पगार आयटीसारखे नसतात, तिकडेही नाहीत आणि इकडे तर नाहीतच, त्यामुळे हप्ते मुलीच्या मानगुटीवर बसतील आणि ती मिळेल ते दुसरं काम धरेल.

आधी अमेरिकेतले कोर्स बघा. डेलावेअर-विंटरथरसारख्या ठिकाणी फीचा भार कोर्स उचलतो आणि वर स्टायपेंडही देतात, म्हणूनच तिथे चुरस फार. ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे, तो भारतीयांना कला आणि वारसा जतनाच्या शिक्षणासाठी अनुदान देतो, पण बऱ्याचदा ते एकटं पुरत नाही, दुसरी स्कॉलरशिप जोडावी लागते. आणि पुढची जी म्युझियम फेलोशिप, त्यात तर म्युझियमच तिला पैसे देतं. म्हणजे खरा डोंगर मधल्या कोर्सचा आहे. त्याला पूर्ण फंडिंग मिळेपर्यंत एक वर्ष थांबायला लागलं तर थांबू द्या, ते वर्ष इथल्या लॅबमध्ये काढलं तर अर्जात उलट वजनच येतं.

प्रश्न: फेलोशिपमध्ये दिवसभर नेमकं काय करतात? फक्त मोठ्या लोकांना मदत?

अजिबात नाही. स्वतःच्या नावावर चित्रं मिळतात, वर एक सीनियर कन्झर्वेटर असतो आणि बाजूला सायंटिस्ट. आधी नुसतं बघायचं, साध्या उजेडात, मग बाजूने तिरका उजेड टाकून, मग अल्ट्राव्हायोलेटमध्ये जिथे जुनं व्हर्निश हिरवट चमकतं आणि नंतरचं रीटचिंग काळं डाग होऊन उठून दिसतं, मग इन्फ्रारेडमध्ये खालचं रेखाटन, मग एक्स-रे. हे सगळं लिहून काढायचं, काय करणार ते ठरवायचं, क्युरेटरशी बोलायचं, आणि त्यानंतर कुठे कापसाचा छोटा बोळा हातात येतो. एका चित्रावर अख्खं वर्ष गेलं तर त्यात नवल नाही. सोबत बहुतेक ठिकाणी स्वतःचा एक रिसर्च प्रोजेक्ट असतो.

स्ट्रॉस सेंटरचंच बघा. 1928 साली तेव्हाचा म्युझियमचा डायरेक्टर एडवर्ड फोर्ब्ज याने तिथे कन्झर्वेशनचं खातं उभं केलं, त्याने जगभरातून जमवलेले रंगद्रव्यांचे नमुने अजून तिथे कपाटांत आहेत, आपला इंडियन यलो नावाचा पिवळा रंग सुद्धा. आणि तिथलाच अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोच्या चित्रांचा किस्सा मला फार मोलाचा वाटतो. 1960 च्या दशकात त्याने हार्वर्डच्या एका डायनिंग हॉलसाठी मोठी किरमिजी चित्रं काढली, खिडक्यांतून ऊन येत होतं, त्याने वापरलेला लिथॉल रेड नावाचा लाल रंग उन्हात टिकत नाही, रंग उडून गेले आणि 1979 मध्ये चित्रं काढून ठेवावी लागली. पुन्हा रंगवायची कशी? कॅनव्हासला हात लावला तर रॉथको संपला. मग 2014 साली त्यांनी प्रोजेक्टरने बिंदू-बिंदू मोजून रंगीत उजेड चित्रांवर टाकला, जेवढा रंग गेलाय तेवढाच. उजेड बंद केला की चित्र जसं आहे तसं. अशा विचारांच्या माणसांत वर्षभर बसायला मिळणं हीच फेलोशिपची खरी कमाई, मशीनं काय पुढेमागे इथेही येतील.

प्रश्न: मी एका म्युझियमच्या लॅबमध्ये आहे. तिकडे लाकडावरची चित्रं, इटालियन मास्टर्स शिकून आपल्याकडे काय उपयोग? आपली चित्रं तर भिंतीवर नाहीतर कागदावर.

उपयोग आहे, आणि गोव्यापासून सुरुवात करू. ओल्ड गोव्याच्या म्युझियममध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयांची जी रांगच्या रांग आहे त्यातली जुनी चित्रं लाकडी फळ्यांवर आहेत, त्यांची परंपरा 1547 पासूनची, आणि वेळोवेळी दुरुस्तीच्या नावाखाली त्यांच्यावर नवे रंग चढवले गेले. खाली काय आहे हे वाचायला लाकडावरच्या चित्राचं शिक्षणच लागतं. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेली युरोपियन ऑइल्स आहेत, बडोद्याला रवि वर्मा आहे.

पण तिकडचं जसंच्या तसं इथे आणू नका, हे पोटतिडकीने सांगते. अजिंठ्याला काय झालं ते आठवा. निजाम सरकारने 1920 च्या सुमाराला इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी या दोघा चित्र-दुरुस्ती करणाऱ्यांना बोलावलं, त्यांनी सुटणारे रंग धरून ठेवायला शेलॅक म्हणजे लाखेचं व्हर्निश वापरलं, तेव्हाच्या युरोपात ते चालणारंच होतं, पण पुढे ते पिवळं-काळपट झालं आणि पुरातत्त्व खात्याच्या केमिस्टांना ते काढत बसावं लागलं. कॅनव्हासचंही तसंच, जुन्या कॅनव्हासला मागून सरस आणि पिठाच्या खळीने दुसरं कापड चिकटवायची युरोपातली जुनी रीत आपल्या पावसाळ्यात धोक्याची, सरस दमट हवेत फुगतो आणि खळीवर बुरशी धरते. म्हणून तिकडे गेलात की प्रत्येक पद्धत शिकवताना विचारा, ऐंशी टक्के ह्युमिडिटीत हे कसं वागेल? आणि तुमचं मुख्य काम भिंतीवरच्या चित्रांचं असेल तर ईझल पेंटिंगला अर्जच करू नका, भित्तिचित्रांचं शिक्षण हा वेगळा रस्ता आहे.

प्रश्न: अर्जाची तयारी कधीपासून करावी आणि नंतर परत यावंच लागतं का?

दोन वर्षं आधीपासून. त्या काळात लखनौची एनआरएलसी म्हणजे कन्झर्वेशनची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा, नोएडाचं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज किंवा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचं कन्झर्वेशन सेंटर, कुठेतरी शिकायला किंवा इंटर्न म्हणून शिरकाव करून घ्या. अमेरिकेची फेलोशिप सहसा जे-1 या एक्स्चेंज व्हिसावर असते, त्यात काहींना संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागते, सगळ्यांना नाही, पैसे कुठून येतात यावरही ते असतं, तर सही करायच्या आधी म्युझियमच्या ऑफिसला स्पष्ट विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. शिफारसपत्रं मात्र ज्याने तुम्हाला टेबलापाशी काम करताना बघितलंय त्याच्याकडूनच घ्या, मोठ्या हुद्द्याच्या माणसाने दोन ओळीत दिलेलं पत्र काही कामाचं नाही.