पिकअपला पावणेचार लाख द्यावेत का?

निपाणीजवळचे एक भाजीपाला उत्पादक विचारतात: गावात 2014 ची बोलेरो पिकअप विकायला आहे, केए 23 म्हणजे कर्नाटक पासिंग, मालक 3,75,000 सांगतो. तसलीच एमएच 09 ची गाडी कोल्हापुरात 3,20,000 ला मिळते. माल मार्केट यार्डाला न्यायला भाड्यापोटी वर्षाला 1,12,000 जातात. 4 लाखांची एकुलती एफडी मोडून कुठली घ्यावी?

आधी गावातली गाडी. तुम्हीच लिहिलंय की त्याच सालच्या, चांगल्या टायरच्या गाड्या तुमच्याकडे साडेतीन लाखांच्या आसपास गेल्या. हिचे चारही टायर गुळगुळीत आहेत, क्लच घसरतो. मेस्त्रीने 40,000 सांगितलेत, ते वजा करा. उरतात 3,10,000. त्यापुढे एक रुपयाही चढू नका. मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका. हौद्याखालची चेसी, पाटे आणि थंड इंजिन सुरू करताना येणारा धूर मेस्त्रीला पाहू द्या.

कोल्हापूरची गाडी दिसते तेवढी स्वस्त नाही. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला आणायचा, कर्नाटकचा कर भरायचा, मग नवीन नंबर घ्यायचा. एनओसीवाचून नुसती टीटीओ, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर सही घेऊन गाडी वापरणारे सीमाभागात पुष्कळ आहेत. अपघात झाला तर विम्याचा दावा तिथंच अडकतो, म्हणून तसं मुळीच करू नका. चिक्कोडी आरटीओत कराचा आकडा विचारा आणि तो 3,20,000 मध्ये मिळवूनच तुलना करा.

आता खरा प्रश्न, गाडी घेणं परवडतं का? स्वतःच्या गाडीला तुमच्या हिशेबाने डिझेल 38,000, दुरुस्ती 25,000. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच 16,000 च्या वर जातो, 17,000 धरू. भाड्याच्या तुलनेत वर्षाला वाचतात 32,000. तुमच्या एफडीला 7 टक्के मिळतात, म्हणजे 3,75,000 वर 26,250 व्याज बुडालं. उरलेल्या पावणेसहा हजारांत गाडीची उतरणारी किंमतही भरून निघत नाही. शिवाय आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, आणि वय वाढेल तशी त्याची फीही वाढते.

त्यामुळे फक्त स्वतःच्या मालासाठी घेत असाल तर माझं उत्तर नाही असंच आहे. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांचा माल नियमित मिळणार असेल, किंवा परतीला खत-बियाण्याचं भाडं मिळणार असेल, तर गावातली गाडी 3,10,000 ला घ्यायला हरकत नाही. पिवळी पाटी असल्याने भाडं मारता येतं. पण टायर, क्लच आणि विमा झाल्यावर हाताशी 33,000 च राहतील, आणि घरात आजारपण निघालं तर ते पुरायचे नाहीत. म्हणून शेजाऱ्यांशी आधी पक्कं बोला, मग विसार द्या.

विसार पाच हजारांपेक्षा जास्त नको. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 मालकाने आणावा, थकलेले ई-चलान त्यानेच भरावेत. बाकीची रक्कम कागद हातात आल्यावर, बँकेतूनच द्या.