डॉक्टर-नर्सच पेशंटचा जीव घेतात हे खरं असतं का? घरच्यांनी काय पाहावं?

तुम्ही विचारलंय की परदेशातल्या खुनी डॉक्टर-नर्सच्या बातम्या खऱ्या असतात का, आणि आईला ॲडमिट करताना काय पाहायचं. यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर मी २१ वर्षं सिस्टर होते, म्हणून लिहिते.

खऱ्या असतात. मँचेस्टरजवळच्या हाइडमध्ये हॅरॉल्ड शिपमन हा फॅमिली डॉक्टर घरी जाऊन डायमॉर्फिन, म्हणजे दुखणं मारायचं अफूच्या जातीचं जबर औषध, टोचायचा आणि मृत्यूचा दाखलाही स्वतःच लिहायचा. २००० साली १५ खुनांसाठी जन्मठेप झाली. पुढच्या चौकशीत २१५ बळी निघाले. बहुतेक म्हाताऱ्या बाया. आपल्याकडेही म्हातारं माणूस गेलं की "सुटली बिचारी" म्हणतो आणि दिवस मावळायच्या आत नेतो. कोण विचारतं कशानं गेली?

तिथं शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं. शिपमन सहीसाठी पाठवायचा त्या दहनाच्या कागदांची संख्या त्यांना खटकली. मार्च १९९८ मध्ये त्यांनी कळवलं, पण पोलिसांनी चौकशी गुंडाळली आणि त्यानंतर आणखी तिघी गेल्या. शेवटच्या बाईचं खोटं मृत्युपत्र तिच्या वकील मुलीनं ओळखलं, तेव्हा तो सापडला. कॉम्प्युटरवर त्यानं मागच्या तारखांनी आजार घुसडले होते, पण नोंद खरी कधी टाकली ते कॉम्प्युटरनंच दाखवून दिलं.

जर्मनीतल्या नील्स होगेल या नर्सला २०१९ मध्ये ८५ खुनांसाठी शिक्षा झाली. त्याच्या एका हॉस्पिटलनं तर त्याला चांगलं सर्टिफिकेट देऊन वाटेला लावलं होतं. त्या सर्टिफिकेटाचा मला जास्त राग येतो.

असे लोक फार थोडे. पण कागदावर नसलेलं इंजेक्शन मी स्वतः पाहिलंय. सासूबाई तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात होत्या. रात्री दोनला एक पोरगा भरलेली सिरिंज घेऊन आला. त्यांनी विचारलं, "हे कायची सुई व्हय, बाप्पा?" तो म्हणाला, "झोपा आजी." मी त्याचा हात धरला, अँप्युल (औषधाची काचेची कुपी) दाखव म्हटलं. ॲसिडिटीचं साधं औषध निघालं. केस पेपरवर मात्र त्याची ओळच नव्हती. ते शेजारच्या खाटेवरच्या बाईचं होतं.

म्हणून आईजवळ रात्री वाचता येणारं माणूस ठेवा. अँप्युल समोर फोडायला सांगा, नाव आणि एक्स्पायरी वाचा, वहीत वेळ टिपा. केस पेपरच्या झेरॉक्ससाठी लेखी अर्ज द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमाप्रमाणे ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. बरं होत आलेलं माणूस अचानक गेलं आणि कारण पटलं नाही, तर नेण्याची घाई करू नका, पोलिसांना सांगून पोस्टमॉर्टेम मागा.

सिस्टर चिडली तर चिडू द्या. माझ्याकडच्या बायाही विचारायच्या, "काऊन देता हे?" मी अँप्युल त्यांच्या हातात द्यायचे.