फराळ तळून त्याच रात्री गाडीने गावी निघणं कितपत सुरक्षित आहे?

तुमचा बेत असा दिसतो: धनत्रयोदशीला दिवसभर फराळ तळायचा आणि रात्री अकराला लहान मुलाला घेऊन पुण्याहून कराड-पाटणमार्गे चिपळूणला निघायचं. माझं स्पष्ट मत, हे करू नका. दिवसभर कढईपुढे उभं राहिलेलं माणूस पहाटे तीन-चारला कुंभार्ली घाटात स्टिअरिंगवर असेल. नेमक्या त्याच वेळी डोळा लागतो, चहा पिऊनही लागतो.

चकली, शेव, शंकरपाळे चांगले टिकतात. ते दोन-तीन दिवस आधीच उरका. निघायच्या आदल्या दिवशी तळण नको, रात्रभर झोपा आणि उजाडताना निघा.

आता तळणाचं. बसून निवांत तळता यावं म्हणून बरेच जण शेगडी जमिनीवर घेतात. ते टाळाच, लहान मूल असलेल्या घरात तर नक्कीच. शेगडी कायम सिलिंडरपेक्षा उंचावर हवी आणि सिलिंडर उभाच हवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करू नका आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन लावा.

करंजीची कड नीट दाबली गेली नसेल तर ती तेलात फुटते. ओला झारा कढईत गेला तरी तेल उडतं, कारण पाण्याची क्षणात वाफ होते. तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर मोठं झाकण सरकवा. पाणी अजिबात ओतू नका आणि पेटलेली कढई उचलून मोरीकडे धावू नका. भाजलं तर बांगड्या-अंगठ्या लगेच काढा आणि तो भाग २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यातलं काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहरा, हात भाजला असेल तर थेट डॉक्टरांकडे जा.

घराला कुलूप लावण्याआधी रेग्युलेटर बंद करा, देवघरातला दिवा शांत करा.

गाडीत फराळाचे स्टीलचे डबे मागच्या काचेखालच्या फळीवर कधीच ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की भरलेला डबा थेट पुढच्यांच्या डोक्यावर येतो. ते डिकीत, खाली, घट्ट बसवून ठेवा. मुलाला मांडीवर न घेता त्याच्या वयाच्या चाइल्ड सीटमध्ये मागे बसवा, मागच्या मोठ्यांनीही पट्टा लावावा. कुंभार्ली उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. घाट सुरू होण्याआधी कोयनानगरला थांबा, पाय मोकळे करा आणि दोघांपैकी जो ताजातवाना असेल त्याने पुढे गाडी घ्यावी.