‘थिअरीच कर, नाहीतर स्पर्धा परीक्षा’

प्रश्न : माझी मुलगी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. बीएस्सीला 84 टक्के होते, पहिल्या सत्रात क्वांटम मेकॅनिक्सला 58 वर आली. तिला सुपरकंडक्टरवर (पुरेसं थंड केल्यावर वीज विनाअडथळा वाहू देणाऱ्या पदार्थांवर) पीएचडी करायची आहे. आमची हरकत नाही, पण करायची तर थिअरीत करावी, प्रयोगवाले शेवटी तंत्रज्ञच राहतात. ती मात्र दिवसभर लॅबमध्ये असते. सुपरकंडक्टरच्या वडीचा रेझिस्टन्स मोजायचा साधा प्रयोग, आलेखात मध्येच पायरी आली म्हणून तिने त्यात तीन आठवडे घालवले. मी रोज रात्री तिच्याकडून अभ्यासाचा हिशेब घेतो, फोनही माझ्याकडेच ठेवतो. हल्ली ती फारशी बोलत नाही. या विषयात एकाच पदार्थात दोन-तीन ‘ऑर्डर’ (इलेक्ट्रॉनच्या शिस्तबद्ध मांडणीचे प्रकार) एकमेकांशी भांडत असतात आणि 1986 पासून कोडं सुटलेलं नाही, असं वाचलं. अशा विषयाला भविष्य आहे का? थिअरी जमणार नसेल तर तिला स्पर्धा परीक्षेला बसवायचं ठरवलं आहे.

उत्तर : गुणांबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि मुलगी बोलेनाशी झाली हे जाता जाता सांगितलंत. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची.

पदवी हातात असलेल्या मुलीकडून रोज रात्री हिशेब घेतला जातो, तिचा फोन वडिलांकडे असतो. तिने काय सांगावं अशी तुमची अपेक्षा आहे? ‘आज चार प्रकरणं झाली’ हे सांगता येतं. ‘आज दिवसभर तारा पुन्हा जोडल्या, आकडा तोच आला, का ते कळलं नाही’ हे तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात जाणार? आणि संशोधनातले बहुतेक दिवस असेच असतात. रोज काहीतरी दाखवावं लागत असेल तर माणूस दाखवण्यासारखंच काम करायला लागतो, नाहीतर गप्प बसतो. तुमच्या मुलीने गप्प बसणं पसंत केलं, म्हणजे निदान ती खोटं बोलत नाही. हिशेब आजपासून बंद करा. फोन परत द्या. तिची झोप, जेवण बिघडलं असेल, मैत्रिणी तुटल्या असतील, तर माझ्यासारख्या करिअरवालीकडे न येता आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि हे सगळं महिनाभर बाजूला ठेवा.

क्वांटमच्या 58 चं म्हणाल तर पहिल्या सत्रात हे अनेकांचं होतं. पुढच्या सत्रात गणितं सोडवून भरून काढता येतं. पुढे!

आता ती पायरी. तुम्हाला जे वाया गेलेले तीन आठवडे वाटतात, मला तुमच्या अख्ख्या पत्रात तेवढीच आशेची जागा दिसली. हा प्रयोग बहुतेक ठिकाणी यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडच्या वडीवर करतात. दोन तारांतून करंट सोडायचा, दुसऱ्या दोन तारांवर व्होल्टेज वाचायचं, आणि द्रवरूप नायट्रोजनने 77 केल्विनपर्यंत (उणे 196 अंश सेल्सिअस) थंड करत जायचं. 90 केल्विनच्या आसपास रेझिस्टन्स कोसळतो. बहुतेक मुलं तो आलेख वहीत डकवतात आणि सही घेतात. तुमच्या मुलीचा आलेख कोसळता कोसळता मध्ये अडला, मग खाली गेला. ही वडी दाबून, भाजून केलेली असते. आत असंख्य कण एकमेकांना टेकलेले असतात. आधी कण सुपरकंडक्टिंग होतात, त्यांच्यातले कमजोर सांधे नंतर. किंवा वडीत ऑक्सिजन सगळीकडे सारखा मुरलेला नसेल, म्हणजे दोन वेगळे पदार्थच शेजारी बसलेले असतील. आलेख वरवर सारखाच, कारणं दोन. करंट वाढवून पाहिला आणि पायरीखालचा भाग आणखी कमी तापमानाकडे सरकला, तर संशय सांध्यांवर. हे तिने कदाचित करूनही पाहिलं असेल. तुम्ही विचारलंत का?

आता तुमचा गैरसमज, कारण तो फक्त तुमचा नाही. थिअरी हुशारांची, प्रयोग उरलेल्यांचा, ही उतरंड आपल्याकडे शिक्षकसुद्धा शिकवतात. या विषयात ती सपशेल खोटी आहे. 1986 मध्ये कॉपर ऑक्साइडमधली सुपरकंडक्टिव्हिटी सापडली ती बेडनॉर्झ आणि म्युलर यांना, भट्टीत पदार्थ भाजताना आणि रेझिस्टन्स मोजताना. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. ‘गणित मांडलं की निकाल लागतो’ असं तुम्ही धरून चालला आहात, पण या पदार्थांसाठी वापरतात ते हबर्डचं मॉडेल (एकमेकांना ढकलणाऱ्या इलेक्ट्रॉनचं सोपं गणिती चित्र) कागदाच्या एका ओळीत मावतं आणि तरीही छळतं. त्यात इलेक्ट्रॉन पट्ट्यापट्ट्यांनी मांडलेली अवस्था आणि सुपरकंडक्टिंग अवस्था यांच्या ऊर्जेतला फरक इतका सूक्ष्म निघतो, की मोठमोठे संगणक लावूनही पारडं कुठे झुकेल हे बारीकसारीक तपशिलांवर ठरतं. अशा वेळी खऱ्या पदार्थात काय घडतंय हे कुणीतरी मोजूनच सांगावं लागतं. ते सांगणाऱ्याला तंत्रज्ञ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. चांगला तंत्रज्ञ मिळाला नाही म्हणून अडलेल्या लॅब कितीतरी असतील.

ऑर्डरच्या भांडणाबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण अर्धंच. लँथॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये बेरियमचं प्रमाण एक अष्टमांशाजवळ आलं की सुपरकंडक्टिव्हिटीचं तापमान 30 केल्विनच्या आसपासवरून 5 च्या आसपास घसरतं. तिथे इलेक्ट्रॉनचा चार्ज आणि स्पिन (त्याचं इवलंसं चुंबकत्व) पट्ट्यांमध्ये गोठलेले असतात. सरळ अर्थ असा, की पट्ट्या जिंकल्या. पण 2007 मध्ये त्याच पदार्थाच्या स्फटिकांवर नीट मोजमाप झालं तेव्हा दिसलं, की एकेका थराच्या आत सुपरकंडक्टिव्हिटीच्या खुणा 40 केल्विनजवळच सुरू होतात. जुळत नाहीत ते थर एकमेकांशी. म्हणजे पट्ट्यांनी सुपरकंडक्टिव्हिटी मारली नव्हती. कदाचित तिलाच लाटेसारखा आकार दिला होता, ही कल्पना मग जोरात पुढे आली.

यिट्रियमच्या पदार्थात, म्हणजे तुमच्या मुलीच्या वडीच्याच भावंडात, भांडण जास्त उघड आहे. ऑक्सिजन थोडा कमी ठेवलेल्या स्फटिकांवर 2012 मध्ये एक्स-रेने पाहिलं, तर चार्जच्या लाटेची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दाट-विरळ मांडणीची, खूण थंड करत जाताना वाढत गेली आणि सुपरकंडक्टिव्हिटी सुरू होताच ओसरू लागली. जोरदार चुंबकीय क्षेत्र लावून सुपरकंडक्टिव्हिटी दाबली, की लाट पुन्हा वर. ओसरली म्हणजे संपली नव्हती, हेही लक्षात घ्या. लोखंडाच्या सुपरकंडक्टरमध्येही असंच. कोबाल्ट मिसळलेल्या बेरियम-आयर्न-आर्सेनाइडमध्ये चुंबकीय ऑर्डर आणि सुपरकंडक्टिव्हिटी एकत्र नांदतात, पण दुसरी आली की पहिलीचा जोर न्यूट्रॉनच्या मोजमापात कमी झालेला दिसतो. भांडतात आणि एकाच घरात राहतात.

मात्र एकाच घरात, की शेजारच्या दोन घरांत? खरा तंटा इथे आहे. कोबाल्टऐवजी पोटॅशियम मिसळलेल्या पदार्थावर 2009 मध्ये म्यूऑन (आतलं चुंबकत्व टिपणारे सूक्ष्म कण) सोडून पाहिलं, तेव्हा चुंबकीय तुकडे वेगळे आणि सुपरकंडक्टिंग तुकडे वेगळे असं चित्र निघालं. 2011 मध्ये वेगळ्या पद्धतीने बनवलेल्या नमुन्यांवर दोन्ही अवस्था एकाच जागी असल्याचं दिसलं. पदार्थाचं नाव तेच, नमुना वेगळा, उत्तर वेगळं. आता मुलीची पायरी आठवा. एकच पदार्थ आहे की दोन पदार्थ शेजारी बसलेत, हाच प्रश्न ती तीन आठवडे चिवडत होती. तिला हे कुणी शिकवलं नसेल तर तिच्याकडे या विषयाची नजर आहे, आणि ती नजर क्वांटमच्या पेपरात मोजली जात नाही.

या नजरेची किंमत 2023 मध्ये सगळ्या जगाने पाहिली. एलके-99 नावाचा पदार्थ खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर असल्याचा गाजावाजा झाला. रेझिस्टन्स तर खरंच कोसळत होता. काही आठवड्यांत निरनिराळ्या लॅबनी दाखवून दिलं, की तो कॉपर सल्फाइडच्या भेसळीचा खेळ होता. आलेख खाली आला म्हणून टाळ्या न वाजवणारी माणसं या क्षेत्राला हवी असतात.

भविष्याचं विचारता, तर कोडं सुटलेलं नाही ही संशोधन करण्याविरुद्धची तक्रार मला कळलीच नाही. सुटलं असतं तर पीएचडी कशावर करणार होती? पण खोटी आशाही दाखवत नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, पुढे परदेशात किंवा इथे पोस्ट-डॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन), आणि संशोधन संस्थांतल्या कायमच्या जागा अर्जदारांच्या मानाने फारच थोड्या. नोबेलच्या आशेने जाणाऱ्याने जाऊच नये. प्रयोगवाल्यांना मात्र एक आधार असतो. अतिशीत तापमानाची उपकरणं, व्हॅक्यूम, अगदी बारीक व्होल्टेज मोजण्याची पद्धत, स्फटिक वाढवणं, डेटासाठी प्रोग्रॅमिंग, हे सगळं एमआरआयच्या चुंबकापासून क्वांटम कॉम्प्युटरच्या हार्डवेअरपर्यंत कामाला येतं.

परीक्षांचं थोडक्यात : पीएचडीच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या नेट, गेट आणि जेस्ट या परीक्षांचे फॉर्म वेळेवर भरावेत, जुने पेपर सोडवावेत. स्पर्धा परीक्षा वाईट नाही, पण थिअरी जमली नाही म्हणून सुनावण्याची ती शिक्षा नव्हे. तिथे मनापासून बसलेल्यांचीच दमछाक होते; ढकललेली मुलं दोन-तीन वर्षं घालवून परत येतात, आणि मग पालक मला दुसरं पत्र लिहितात.

थिअरी की प्रयोग, हे आत्ता ठरवूच नका. पीएचडी करायची की नाही हेसुद्धा नको. एमएस्सीचा प्रोजेक्ट तिला प्रयोगाच्या लॅबमध्ये करू द्या, शक्य झालं तर उन्हाळ्यात दुसऱ्या संस्थेतही एक. वर्षभराने तिला जे कळेल ते तुम्हाला आणि मला आत्ता कळण्यासारखं नाही. लॅब निवडताना तिने तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावं : नमुने इथेच बनवता की बाहेरून येतात? मशीन बंद पडलं तर किती दिवस थांबावं लागतं? मागच्या पाच वर्षांत बाहेर पडलेले आता कुठे आहेत? सरांना न पटणारा आलेख दाखवला तर सर काय म्हणतात? शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला, तर ती लॅब सोडून द्यावी.

हे प्रश्न विचारायला तिने एकटीने जायचं आहे. तुम्ही सोबत जाऊ नका.