पगारी पॅरामेडिक नेमावेत, पण कोणत्या तासांसाठी?

प्रश्न : आमच्या ग्रामीण भागातील रुग्णवाहिका आजवर केवळ स्वयंसेवकांच्या बळावर चालत आली आहे. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी माणसे मिळतात. परंतु कामाच्या दिवशी दुपारी फोन आला की दुसरा माणूस येईपर्यंत गाडी जागेवरच उभी राहते. मोठे रुग्णालय पाऊण तासाच्या अंतरावर आहे. पगारी पॅरामेडिक (वाटेतच इंजेक्शन, सलाइन, ईसीजी असे प्रगत उपचार करू शकणारा प्रशिक्षित कर्मचारी) नेमण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे आला असून, पगार सुरू झाला की स्वयंसेवक काढता पाय घेतील, अशी भीती काही जुने सभासद व्यक्त करीत आहेत. आम्ही काय करावे?
— सचिव, एक स्वयंसेवी रुग्णवाहिका पथक

उत्तर : आपल्या ठरावात दोन निरनिराळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. गाडी वेळेवर निघत नाही, ही पहिली. आणि निघाल्यानंतर रुग्णाला प्रथमोपचारापलीकडचे उपचार मिळत नाहीत, ही दुसरी. पहिली अडचण दूर करायला पॅरामेडिकच हवा असे नाही. मूलभूत प्रशिक्षण घेतलेला पगारी कर्मचारीही ती दूर करू शकतो आणि त्याचा खर्च कमी येतो. म्हणून मतदानापूर्वी मागील वर्षाची कॉलची नोंदवही काढून बसावे. प्रत्येक कॉल कोणत्या वारी व किती वाजता आला, फोन आल्यापासून गाडी हलेपर्यंत किती मिनिटे गेली, कॉल शेजारच्या पथकाकडे सोपवावा लागला का, आणि रुग्णाला वाटेत इंजेक्शन, सलाइन किंवा ईसीजीची गरज होती का, एवढे मांडले तरी चर्चेचा सूर बदलेल.

पॅरामेडिक आला म्हणजे प्रत्येक जीव वाचेल, अशी समजूत करून घेऊ नये. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १७ शहरांमध्ये या प्रश्नाचा मोठा अभ्यास झाला. तेथे झटपट डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारे यंत्र) पोहोचवण्याची व्यवस्था आधीच बसली होती आणि तिच्यावर पॅरामेडिकच्या प्रगत उपचारांची भर घालण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हृदय बंद पडलेल्या रुग्णांपैकी रुग्णालयातून जिवंत घरी जाणाऱ्यांचे प्रमाण ५.० टक्क्यांवरून ५.१ टक्के झाले, म्हणजे जवळपास जागेवरच राहिले. छातीवर दाब देणे आणि लवकर शॉक देणे यांनीच अशा रुग्णाला खरा आधार मिळतो, आणि ही दोन्ही कामे आपले स्वयंसेवकही करू शकतात. धाप लागलेल्या रुग्णांच्या बाबतीत मात्र त्याच अभ्यासमालेत मृत्यूचे प्रमाण १४.३ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांवर आले.

हे आकडे शहरांतले आहेत, हे विसरू नये. आपला रस्ता पाऊण तासाचा आहे. थांबत नसलेली फिट, रक्तातील साखर घसरून आलेली बेशुद्धी, मोडलेल्या मांडीच्या हाडाची असह्य वेदना, यांवर वाटेतच औषध देता आले तर तो पाऊण तास रुग्णासाठी अगदी वेगळा ठरतो. छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या घरातच बारा लीडचा ईसीजी काढून तो रुग्णालयाला कळवला, तर गाडी दारात पोहोचण्यापूर्वी तेथील हृदयविकार पथक तयारीला लागू शकते. माझ्या मते ग्रामीण पथकाने पॅरामेडिक घेण्यामागचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

आता तासांचा हिशेब. आठवड्याचे तास १६८. एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायची आणि प्रत्येकाला आठवड्याला ४२ तास काम द्यायचे म्हटले तर चार माणसे लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरले की पाच. याउलट सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ ते सायंकाळी ५ एवढीच पाळी पगारी ठेवली, तर ५० तास होतात आणि दोन अर्धवेळ माणसांत भागते. आपल्या पत्रावरून नड याच वेळेत दिसते. त्यातही शेजारची दोन-तीन पथके एकत्र आली, तर एकच पॅरामेडिक लहान गाडीतून फिरता ठेवता येतो. स्वयंसेवक रुग्णाला घेऊन निघतात आणि ठरलेल्या ठिकाणी पॅरामेडिक त्यांच्या गाडीत चढतो. शेजारच्या पथकाशी जुने हेवेदावे असतील तर ते आधी मिटवावे लागतील, ही बाब वेगळी.

पगाराशिवाय विमा, मॉनिटर, मुदत संपून टाकून द्यावी लागणारी औषधे आणि उपचारांची जबाबदारी घेणारा डॉक्टर, हा खर्चही धरावा. देणगीतून गाडी घ्यावी, पगार कधीही देऊ नये. त्याला दरवर्षी हमखास येणारा पैसा हवा. कॉल थोडे असतील तर पॅरामेडिकचा हातही बोथट होतो, म्हणून महिन्यातून काही पाळ्या त्याने गर्दीच्या रुग्णालयात कराव्यात, अशी अट नेमणुकीतच घालावी.

जुन्या सभासदांच्या भीतीत तथ्य आहे, पण पगार हे स्वयंसेवक सोडून जाण्याचे कारण क्वचितच असते. कालपर्यंत रुग्णाची नाडी पाहणाऱ्या माणसाला आज नुसते स्ट्रेचर उचलायला सांगितले की तो येईनासा होतो. तेव्हा रुग्णाजवळ उपचारांचा निर्णय पॅरामेडिकचा, परंतु पॅरामेडिकची गरज नसलेला रुग्ण स्वयंसेवकानेच सांभाळायचा, असे लेखी ठरवावे. रिकाम्या वेळेत ऑक्सिजन सिलिंडरचा दाब पाहणे, औषधांच्या पेटीचे सील तपासणे आणि गाडी धुणे ही कामे पगारी पाळीने करावीत; रात्रीच्या माणसाला सकाळी ७ वाजता गाडी घासत बसावे लागू नये.

प्रश्न : आमच्याच एका स्वयंसेविकेने पॅरामेडिकचे शिक्षण पूर्ण केले आहे. दिवसा तिला पगारी नेमून रात्री पूर्वीप्रमाणे विनामूल्य सेवा घेता येईल का? — तेच सचिव

उत्तर : तिला नेमणे उत्तम, रस्ते, घरे आणि माणसे तिला ठाऊक आहेत. विनामूल्य रात्रपाळीचा बेत मात्र सोडून द्यावा. अमेरिकेत सार्वजनिक संस्थेच्या पगारी कर्मचाऱ्याला त्याच संस्थेत त्याच प्रकारचे काम स्वयंसेवक म्हणून करता येत नाही. ते तास पगारी धरले जातात. आपल्याकडील कामगार कायद्याबाबत जाणकार वकिलाचे मत लेखी घ्यावे. कायद्याने मुभा असली, तरी दहा तासांच्या पाळीनंतर जागरण केलेल्या हातांनी औषधाची मात्रा मोजणे धोक्याचे आहे. तिच्याकडून पगारी वेळेतच स्वयंसेवकांचे प्रशिक्षण करून घ्यावे आणि रात्रीची यादी तिच्याशिवाय लावावी.