थंडीत फ्लॅट विकताय?

पौषात व्यवहार होत नाहीत म्हणून जाहिरात थांबवू नका. टोकन (इसाराची रक्कम) लोक पौष संपल्यावर देतील, पण बघायला आधीच येतात. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे ऑफिस सुटल्यानंतरची वेळ देऊच नका. रविवारी सकाळी अकराला बोलवा. दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा ऊन पार आतपर्यंत येतं, पडदे बाजूला सारून ठेवा. पावसाळ्यातली ओल आता सुकलेली असते. पोपडे खरवडून रंग मारा, पण गळती कुठे होती असं विचारलं तर सांगून टाका (एजंट काहीही म्हणो). इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) आत्ताच जमवा. रेडी रेकनरचे (मुद्रांक शुल्क मोजायला सरकार ठरवतं ते) नवे दर सहसा १ एप्रिलला लागतात आणि ते शुल्क सहसा घेणारा भरतो, म्हणून मार्चअखेर नोंदणीची घाई घेणाऱ्यालाच असते. भाव पटकन सोडू नका.